माझ्या पोटाचा फोटो

चरबी शरीरात कुठे साठते, कशासाठी साठते आणि ती रक्तात शिरली तर काय होतं, हे मी लातूरच्या एका खाजगी क्लासमध्ये पंधरा वर्षं शिकवलं. माझ्या फळ्यावरच्या आकृत्या वहीत उतरवून घेऊन कितीतरी पोरं डॉक्टर व्हायला गेली. आणि तीच मी नांदेडातल्या एका दवाखान्यात जाऊन पोटावरची चरबी नळीनं ओढून काढून घ्यायला तयार झाले, तेही एक प्रश्न न विचारता. हे लिहिताना अजून राग येतो. पहिला राग स्वतःचा. त्यानंतरच्या यादीत बरेच लोक आहेत.

त्या वर्षांत लातुरात क्लासचं पेवच फुटलं होतं. रिकाम्या प्लॉटवर शेड उभी राहायची आणि महिन्याभरात तिथं दोनशे बाकडी लागायची. उदगीर, निलंगा, किनवट, कुठून कुठून आलेली पोरं एका खोलीत चौघं राहायची, मेसचा डबा खायची आणि सकाळी सहाला माझ्यासमोर डोळे चोळत बसायची. चौकाचौकात क्लासचे फ्लेक्स. आधी त्यावर निकालात झळकलेल्या पोरांचे फोटो असत. मग शिकवणाऱ्यांचे यायला लागले. सिनेमाच्या जाहिरातीसारखे, कोट घालून, हाताची घडी घालून, डोक्यापासून पायापर्यंत.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं पोट सुटलं ते सुटलंच. पहाटेपासून रात्री आठपर्यंत बॅचेस, मधल्या वेळेत उभ्यानं चार घास, कधी नुसता चहा-बिस्कीट. वजन वाढणार नाही तर काय होणार? मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. पोरं माझा तास चुकवत नसत, एवढं मला पुरेसं होतं.

जूनमध्ये नव्या फ्लेक्सची तयारी सुरू झाली. क्लासचे मालक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, स्टाफरूममध्ये आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "यंदा सगळ्यांचे उभे फोटो घ्यायचेत. मॅडम, तुमचा मात्र पासपोर्टवालाच ठेवू. कसंय, पालक बघतात ना. फ्रेश दिसलं पाहिजे."

फिजिक्सचे सर हसले. त्यांचं स्वतःचं पोट टेबलाला टेकत होतं, आणि त्यांचा उभा फोटो घेतला जाणार होता. मी पण हसले. मी का हसले, हे मला आजही कळत नाही.

महिन्याभरात मी नांदेडला गेले. लातुरात प्रत्येक दवाखान्यात माझा एखादा माजी विद्यार्थी भेटला असता, म्हणून नांदेड. नवऱ्याला सांगितलं होतं. तो जिल्हा परिषदेत नोकरीला. "तुझं तू बघ, तुला त्यातलं जास्त कळतं," म्हणाला आणि रजा टाकून सोबत आला.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर पाण्याचा छोटा धबधबा. डॉक्टर पन्नाशीच्या आतले, बोलायला गोड. त्यांनी एक अल्बम समोर ठेवला. पान उलटलं की डावीकडे ओघळलेलं पोट, उजवीकडे सपाट पोट. डावीकडे, उजवीकडे.

"काही नाही मॅडम, चार बारीक भोकं," ते म्हणाले. "नळी घालायची, चरबी ओढून घ्यायची. संध्याकाळी घरी. आठवड्यानं तुम्ही फळ्यासमोर उभ्या."

"त्रास किती होतो?" नवऱ्यानं विचारलं.

"दाढ काढताना होतो तेवढाच."

मी काहीच विचारलं नाही. रक्तवाहिनीत अडकणारी गुठळी यावर माझे दोन तास असायचे. चरबीचा थेंब फुफ्फुसापर्यंत कसा पोचू शकतो, हे मी खडूनं रंगवून दाखवायचे. पण त्या खुर्चीत मी शिक्षिका नव्हतेच. फ्लेक्सवर उभं राहायला लायक नसलेली बाई होते, आणि हा माणूस मला लायक करून देणार होता.

त्यांनी रक्तदाब बघितला. साखर तपासली नाही. "रेकॉर्डसाठी" म्हणून समोरून आणि बाजूनं पोटाचे फोटो काढले. ऑपरेशनच्या दिवशी कमरेत इंजेक्शन देऊन झालं, पाय जड पडायला लागले, तेव्हा नर्सनं एक पॅड पुढं केलं. "इथं सही करा." तीन पानं, बारीक अक्षरातलं इंग्रजी. मी आडवी पडल्या पडल्याच सही केली.

शुद्धीत होते. नळी आत-बाहेर होताना सगळं अंग हलत होतं, जातं ओढावं तसं. काचेच्या बरणीत पिवळं, लालसर काहीतरी साठत होतं. मध्येच डॉक्टर कुणाला तरी म्हणाले, "आलोय तर कमरेचंही घेऊन टाकू." मला विचारलं नाही. संध्याकाळी घट्ट पट्टा बांधून त्यांनी मला गाडीत बसवलं. नांदेड ते लातूर, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी सीटचं रेक्झिन मुठीत धरत होते.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याखालून पाणी झिरपलं. त्यांनी ते आधी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी ताप भरला. नवऱ्यानं फोन लावला.

"थोडा ताप येतोच. गोळी द्या."

चौथ्या दिवशी पोटाची डावी बाजू अशी ठणकायला लागली की चादरसुद्धा सहन होईना. पुन्हा फोन. या वेळी तिथल्या पोरीनं उचलला, आत विचारून आली. "सर म्हणतात पट्टा सैल झाला असंल, घट्ट करा."

आम्ही घट्ट केला. त्याची आठवण आली की आजही मला बसल्या जागी ओरडावंसं वाटतं. आतल्या आत कुजत चाललेल्या कातडीवर मी नवऱ्याला सांगून, श्वास रोखून, पट्टा आणखी एक घर ओढून घेतला.

पाचव्या दिवशी अक्का आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निलंग्याजवळच्या खेड्यात दिलेली, शेतीवाडीत मुरलेली. तिला कुणी काही कळवलं नव्हतं. बाजाराला आली होती, सहज डोकावली. दारातनंच तिनं नाकाला पदर लावला.

"वास कशाचा गं ह्यो?"

"औषधाचा."

"औषध न्हाई ह्ये." काठी भिंतीला टेकवून ती माझ्याजवळ बसली आणि काही न विचारता पट्ट्याचे हुक काढायला लागली. मी नको नको म्हणत होते. तिनं ऐकलं नाही. पट्टा सुटला. मी मान उचलून बघितलं. बेंबीच्या डाव्या अंगाला तळहाताएवढी कातडी जांभळी-काळी पडली होती आणि तिच्या कडेनं पू येत होता.

"रिक्षा बोलाव," अक्का माझ्या नवऱ्याला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

नांदेडला परत नेण्यात वेळ गेला असता. लातुरातच सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या सर्जनबाई चिडक्या होत्या, हातावर पेननं काहीतरी लिहिलेलं, डोळे झोप न झाल्यासारखे. त्यांनी पोट बघितलं, रक्त घ्यायला लावलं आणि अर्ध्या तासानं येऊन विचारलं, "साखर किती दिवसांपासून आहे?"

"मला साखर नाही."

"आहे. भरपूर आहे. ऑपरेशनच्या आधी तपासली नव्हती?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी एक क्षण डोळे मिटले. मग स्टूल ओढून माझ्या उशाशी बसल्या आणि सगळं समजावून सांगितलं. एका बैठकीत प्रमाणाबाहेर चरबी ओढली होती. कातडीला खालून रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या नळीनं तुटल्या होत्या. आत पाणी साचलं, त्यात जंतू वाढले, साखरेनं त्यांना आयतं खाणं मिळालं आणि वरून घट्ट पट्ट्यानं उरलंसुरलं रक्तही अडलं. "मेलेली कातडी कापावी लागेल," त्या म्हणाल्या. "कदाचित एकदा नाही, दोन-तीनदा. नंतर मांडीची कातडी काढून तिथं लावू. ती नीट धरेलच अशी खात्री देत नाही. तिथली स्पर्शाची जाणीव कदाचित कायमची जाईल. आणि एक सांगते, चरबी रक्तात शिरून फुफ्फुसात गेली असती, नाहीतर नळी आतड्यात घुसली असती, तर हे ऐकायला तुम्ही इथं नसता. काही विचारायचंय?"

मी रडायला लागले. अक्का मात्र विचारत सुटली. किती वेळ लागंल, भूल कशी देणार, खायला काय द्यायचं, साखरंचं काय करणार. बाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं.

त्या आत गेल्यावर अक्का माझ्याकडे वळली. "त्या नांदेडच्यानं ह्यातलं काय काय सांगितलं हुतं?"

"काहीच नाही."

"आन तू इचारलं न्हाईस?"

मी भिंतीकडे तोंड केलं.

अक्काचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. भूकंपात घराची दगडमातीची भिंत तिच्यावर आली, तेव्हा ती नव्यानं नांदायला गेलेली होती आणि मी अकरावीत. पटांगणातल्या तंबूत, आजूबाजूला माणसं विव्हळत असताना, परगावाहून आलेला एक डॉक्टर तिच्याशेजारी मातीत मांडी घालून बसला होता. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला. "पाय सडायला लागलाय," तो म्हणाला होता. "ठेवला तर विष अंगात चढेल. कापला तर जगाल. पण दुखेल, महिनोन्‌महिने दुखेल, आणि नसलेला पायही दुखेल. समजलं तर हो म्हणा. नाही समजलं तर पुन्हा सांगतो." अक्कानं त्याला दोनदा सांगायला लावलं होतं. बाहेर माणसांची रांग लागली होती, तरी त्यानं दोनदा सांगितलं.

"तंबूत सांगितलं मला त्यानं," अक्का माझ्या पाठीकडे बघत बोलत राहिली. "तितं पाणी नव्हतं प्यायला. आन तुला गार हवंत बसवून येका मान्सानं सांगितलं न्हाई? तू मास्तरीण! लोकाच्या लेकरांला डॉक्टर करायलीस तू!"

ती रागानं बोलत होती आणि बोलता बोलता माझ्या पायावरची चादर सारखी करत होती.

दोन वेळा कापलं. मग मांडीची कातडी लावली. महिन्याहून जास्त दिवस मी त्या वॉर्डात होते. रोज सकाळी ड्रेसिंगची गाडी यायची, तिच्या चाकांचा आवाज लांबून ऐकू आला की मी चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे. पट्टी ओली करून सोडवताना मी अक्काचा हात इतका दाबायचे की तिच्या बांगड्यांचे वळ माझ्या तळव्यावर उठायचे. शेतातली कामं टाकून ती माझ्या खाटेखाली सतरंजी पसरून राहिली.

स्टाफरूममधल्या दोघीजणी भेटायला आल्या. केळी आणली होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, आणि मग एकीनं आवाज बारीक करून विचारलं, "पण वजन किती उतरलं गं?" मी तिला बाहेर जा म्हणाले. ती दुखावली. तिनं सगळीकडे सांगितलं की मॅडम आता फार चिडक्या झाल्यात. झालेच होते. सरांचा फक्त निरोप आला, की सिलॅबस मागं पडतोय, दुसरी व्यवस्था केलीय, तुम्ही सावकाश या. त्यांची दुसरी व्यवस्था फ्लेक्सवर उभी राहिलेली मी रिक्षातून घरी येताना बघितली.

नांदेडच्या डॉक्टरांना नवरा जाऊन भेटला. त्यांनी पाणी विचारलं, वाईट वाटलं म्हणाले आणि फाईल उघडून माझी सही दाखवली.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी काठीशिवाय चालायला लागले होते, घरातच चार पोरांना शिकवत होते. एका सकाळी वर्तमानपत्रातून एक गुळगुळीत पत्रक खाली पडलं. नांदेडचा तोच दवाखाना, आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लातुरात येणार होता. खाली दोन फोटो, डावीकडे आधीचं पोट, उजवीकडे नंतरचं. मी पत्रक टाकून देणार होते. पण डावीकडच्या पोटाच्या उजव्या अंगाला अपेंडिक्सचा तिरका व्रण होता आणि बेंबीच्या बाजूला मसुराएवढा तीळ.

ते माझं पोट होतं.

उजवीकडचं पोट माझं नव्हतं. कुणाचं होतं देव जाणे. सपाट, गोरं, तुकतुकीत. त्यावर ना व्रण होता, ना तीळ. चरबीबरोबर तेही ओढून घेतले म्हणायचं की काय! एवढंही बघायची त्यांना गरज वाटली नव्हती. मला जिवावरच्या दुखण्यात ढकलून, आमच्या फोनला पोरीकडून उत्तर देऊन, वर माझंच पोट घरोघरी वाटलं होतं. माझ्याच दारात टाकलं होतं.

रविवारी मी अक्काला बोलावून घेतलं. नवरा म्हणाला, "वकिलाला विचारू आधी." मी म्हटलं, विचार, आणि बाहेर पडले.

भाड्यानं घेतलेला दवाखाना होता. बाहेरच्या खोलीत सहा-सात बायका बसलेल्या. बऱ्याचजणींच्या हातात तेच पत्रक. टेबलावरच्या पोरीनं नाव विचारलं. मी पुढं जाऊन खोलीच्या मधोमध उभी राहिले. आवाज वर्गात लागतो तसा लागला.

"ह्या पत्रकावरचं डावीकडचं पोट माझं आहे," मी म्हणाले. "उजवीकडचं माझं नाही. माझं उजवीकडचं हे बघा."

आणि मी पदर बाजूला करून साडी खाली ओढली.

नवऱ्यासमोरही मी तोवर दिवा बंद केल्याशिवाय कपडे बदलले नव्हते. त्या अनोळखी बायकांसमोर, ट्यूबलाइटच्या उजेडात मी उभी होते. डाव्या बाजूला खोलगट खड्डा, त्यावर मांडीची लावलेली कातडी, रंग वेगळा, जाळीदार. कमरेवर एकीकडे उंचवटा, एकीकडे घळ. तीळ आणि व्रण जागच्या जागी.

"इथं चिमटा काढला तरी मला कळत नाही," मी म्हणाले आणि काढून दाखवला. "आणि कडेनं रोज दुखतं."

एक बाई तोंडावर हात ठेवून उठली आणि चपला घालायला लागली. तिच्या मागून आणखी एक. टेबलावरची पोरगी आत पळाली. डॉक्टर बाहेर आले. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, चेहऱ्यावरून नाही, पोटावरून ओळखलं त्यांनी.

"मॅडम, आत या ना. आपण बसून बोलू."

"इथंच बोला."

"तुम्हाला शुगर होती. त्यामुळं झालं ते."

"तुम्ही तपासली होती?"

"तुम्ही सांगायला हवं होतं. आणि तुमची सही आहे."

"सही कधी घेतली? कमरेत इंजेक्शन दिल्यावर घेतली की आधी? सांगा ह्यांना. कमरेची चरबी काढताना मला विचारलं होतं? सांगा. आणि हा फोटो कुणाचा आहे उजवीकडचा?"

ते बायकांकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते. "प्रिंटिंगवाल्याची चूक झाली असेल."

अक्कानं काठी फरशीवर आपटली. "आन पट्टा आवळा म्हून फोनवर सांगितलं, ती बी छापखान्याचीच चूक का?"

ते वळून आत गेले.

कोपऱ्यात एक मुलगी आईबरोबर बसली होती. विशी-बाविशीची. अंगानं जाड म्हणावी अशीही नव्हती. ती माझ्या पोटाकडे एकटक बघत होती. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही आम्हाला झूलॉजी शिकवायच्या ना?"

माझ्याच क्लासची होती. मी म्हटलं, "हो. आता सांगते ते ऐक. नको करूस हे."

तिच्या आईनं तिचा दंड धरला. "प्रत्येकाचं अंग वेगळं असतंय. पाहुणे फेब्रुवारीत येणार हायत," ती मला म्हणाली, जणू मीच अडवून ठेवलं होतं. आणि नंबर पुकारायच्या आधीच ती मुलीला घेऊन आत गेली. मी थांबले. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या.

"इचारलंस का, काय काय हुतंय ते?" अक्कानं तिला गाठलं.

"विचारलं," मुलगी म्हणाली. तिच्या हातात तारीख लिहिलेला कागद होता. "ते म्हणाले, तुमच्या वयात काही होत नाही."

तिचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. क्लासमधून तिच्या घरचा नंबर मिळवायचा प्रयत्न केला. सरांनी दिला नाही.

मी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी मला सगळे कागद काढून दिले आणि स्वतःच्या सहीनं लिहूनही दिलं. दोन वेळा सुनावणीला मुंबईला गेले. तिथं कळलं की ह्या डॉक्टरांनी ह्या ऑपरेशनचं म्हणून जे शिक्षण घेतलं होतं, ते काही दिवसांच्या शिबिराचं होतं. निकालाचं पत्र आलं. जाहिरातीबद्दल त्यांना ताकीद. ऑपरेशनबद्दल, रुग्णाची लेखी संमती असल्यानं, कारवाईस पुरेसा आधार नाही. लातूरचे रविवार बंद झाले. नांदेडातली पाटी अजून आहे. मागच्या महिन्यात एका लग्नाला गेले होते, तेव्हा मुद्दाम रिक्षा तिकडून नेली आणि बघून आले.

पत्र वाचून नवरा म्हणाला, "सोड आता. जिवावरचं निभावलं. राग तुझ्या साखरेला बरा नाही."

"साखर मी तपासते रोज," मी म्हणाले. पुढच्या सोमवारी वकिलाची वेळ घेतली आहे. त्याच्यासाठी सगळे कागद तारखेप्रमाणे लावून ठेवलेत, आणि सर्वांत वर ते पत्रक.